थरथर गाडीची की आपल्या अभ्यासाची?

गेल्या सुट्टीत तासगावला मामांकडे गेलो होतो. डाव्या पायाच्या ऑपरेशननंतर क्लच दाबवत नाही, म्हणून मामांनी द्राक्षाचे पैसे आल्यावर सेकंडहॅन्ड ऑटोमॅटिक एसयूव्ही घेतलेली. मी चहा घेतोय तोवर किल्ली हातात आली. "काय इंजिनिअर, ही थंडी वाजल्यागत का करतीया, सांग बघू!"

सांगली रस्त्यावर ताशी ६० च्या आसपास, अॅक्सिलेटर हलका असताना गाडी थरथरायची. जरा जोरात दाबला की थरथर गायब. एका गॅरेजवाल्याने गाडी चालवून न बघताच "गिअरबॉक्स गेला, नवीन टाका" म्हणून सांगितलेलं. त्याने सांगितलेल्या आकड्यात बागेचा हंगामभराचा औषधाचा खर्च निघाला असता. आणि ऑटोमोबाईलच्या पेपरात बरे मार्क पाडलेला मी? मला टॉर्क कन्व्हर्टरची आकृती आठवत होती, उत्तर आठवत नव्हतं.

हॉस्टेलवर परतल्यावर पुस्तकं उघडली, सरांना विचारलं. गोष्ट अशी आहे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद तेलातून पुढे जाते. जर्मनीच्या हर्मन फ्योटिंगरने १९०५ मध्ये जहाजांसाठी याचं पेटंट घेतलं. पण तेलात थोडी घसरण होतेच, म्हणजे इंधन वाया. म्हणून १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर गाड्यांत लॉक-अप क्लच रुळला. तो एका वेगानंतर दोन्ही बाजू घट्ट जोडतो. तेलातली घर्षण सांभाळणारी द्रव्यं संपली की हा क्लच धरतो, सुटतो, परत धरतो. फळ्यावर खडू किर्र करतो ना, तोच प्रकार! व्हायब्रेशनच्या तासाला आपण याला 'स्टिक-स्लिप' म्हणतो आणि पेपर झाला की विसरतो.

तपासणीही सोपी. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, अॅक्सिलेटर तसाच ठेवून ब्रेकचा दिवा लागेल इतपतच पेडलला स्पर्श करायचा. बहुतेक गाड्यांत लॉक-अप सुटतो. थरथर लगेच थांबली, तर संशय तिथेच. नाही थांबली, तर इंजिनचं मिसफायरिंग, इंजेक्टर वगैरे आधी बघा. मामांच्या गाडीची थांबली.

मग तेल काढलं. काळपट तपकिरी! आधीच्या मालकाला म्हणे सांगितलेलं, "हे लाइफटाइम ऑइल, बदलायचं नसतं." लाइफटाइम कुणाची, गाडीची की वॉरंटीची? एका वेळी सगळं तेल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच राहतं. म्हणून कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं तेल दोनदा बदललं, ठरलेल्या तापमानाला लेव्हल बघितली. आठ-दहा दिवसांत थरथर गेली. अर्थात प्रत्येक वेळी असं होईलच असं नाही. क्लचचं अस्तर जळलेलं असेल तर कन्व्हर्टर खोलावाच लागतो. पण आधी स्वस्त तपासणी, मग महाग निदान, हा क्रम तरी पाळायला हवा.

आपल्या सांगलीकरांना तर हे जास्तच लागू. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, २०२१ ला परत पूर आला. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये ब्रीदरवाटे पाणी शिरू शकतं, आणि लॉक-अपच्या अस्तराला पाणी म्हणजे विषच. जुनी ऑटोमॅटिक घेताना सीटकव्हर बघण्याआधी हे तेल बघा.

शेवटी मुद्द्याचं. गॅरेजवाल्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण त्याला हे शिकवलं कुणी? आणि आपल्याला शिकवूनही आपण काय दिवे लावले? आपल्या लॅबमध्ये गिअरबॉक्सचं कट-सेक्शन आहे, ते मॅन्युअलचं. भंगारातून एक जुना टॉर्क कन्व्हर्टर आणून वर्कशॉपमध्ये कापायला काय हरकत आहे? वर्षातून एक रविवार गावातल्या मेकॅनिक मंडळींना बोलवू. ते आपल्याला हात काळे करायला शिकवतील, आपण त्यांना तेल का बदलायचं ते सांगू. फायनल इयरच्या 'रेडिमेड' प्रोजेक्टपेक्षा हे नक्कीच बरं.

नाहीतर डिग्री हातात येईल, आणि कुणी मामा किल्ली पुढे करतील तेव्हा थरथरायची पाळी आपली असेल. बघा पटतंय का!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी