विश्लेषण : रॅलीत वळण आधी ऐकू येते… मग ते सांगणारा सहचालक दुय्यम का?

जानेवारी २०२२ मध्ये सेबास्टियन लोएबने वयाच्या ४७व्या वर्षी मॉन्टे कार्लो रॅली १०.५ सेकंदांनी जिंकली. त्याच्या शेजारी सहचालक म्हणून होत्या इझाबेल गाल्मिश, पेशाने गणिताच्या शिक्षिका. जागतिक रॅली मालिकेतील फेरी महिलेने जिंकण्याची १९९७ नंतरची ही पहिलीच वेळ. ‘शिक्षिकेने रॅली जिंकली’ हे ऐकायला गमतीचे वाटते. पण त्या गमतीत एक गैरसमजही दडलेला असतो : शेजारी बसून वही वाचायची, त्यात काय मोठे? गाल्मिश याआधीही चाचण्यांमध्ये लोएबच्या शेजारी बसल्या होत्या आणि रॅली त्यांना नवीन नव्हती, हे त्या गमतीत सुटून जाते.

रॅलीला सहचालक लागतोच का?

फॉर्म्युला वनमध्ये चालक तीच वळणे पन्नास-साठ वेळा घेतो. रॅलीत गाड्या काही मिनिटांच्या अंतराने एकेक करून सुटतात आणि लढत घड्याळाशी असते. रस्ता जंगलातला, घाटातला, बर्फाचा किंवा मातीचा. तीन-चार दिवसांत साधारण तीनशे किलोमीटर पूर्ण वेगात कापायचे असतात. इतकी वळणे कुणाच्याही लक्षात राहणार नाहीत.

वहीत नेमके काय असते?

स्पर्धेआधी ‘रेकी’ होते. प्रत्येक टप्प्यावरून मर्यादित वेगात दोनदा जाता येते. चालक रस्ता पाहून बोलतो, सहचालक सांकेतिक भाषेत लिहून घेतो. याच ‘पेस नोट्स’. उदाहरणार्थ ‘लेफ्ट फोर, हंड्रेड, क्रेस्ट, राइट टू, डोन्ट कट’. म्हणजे डावीकडे मध्यम वळण, पुढे शंभर मीटर सरळ, मग पलीकडचे काही दिसणार नाही असा चढाचा माथा, तो ओलांडताच उजवीकडे घट्ट वळण आणि आतली कड कापायची नाही, कारण तिथे दगड किंवा चर आहे. अनेक चालकांकडे आकडा जितका लहान तितके वळण घट्ट असते, काहींकडे नेमके उलट.

लिहिणे एक वेळ सोपे, खरी कसोटी वाचण्याची. ताशी १०० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. सूचना सेकंदभर उशिरा आली तर वळण मागे पडलेले असते, फार लवकर दिली तर चालक ती विसरतो. त्यात सहचालकाची मान वहीत. गाडी कुठे पोहोचली हे त्याला बरेचदा खिडकीबाहेर न पाहता, बसणाऱ्या धक्क्यांवरून ओळखावे लागते. एक ओळ चुकली की पुढची प्रत्येक सूचना चुकीच्या वळणाला लागू होते.

या पद्धतीचे गाजलेले जुने उदाहरण आहे १९५५च्या ‘मिले मिलिया’चे. इटलीतील सुमारे १६०० किलोमीटरची ही शर्यत स्टर्लिंग मॉसने १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत जिंकली. शेजारी होता पत्रकार डेनिस जेन्किन्सन. त्याने रस्त्याची टिपणे कागदाच्या लांबलचक गुंडाळीवर लिहून डबीत बसवली होती. इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू जाणे अशक्य, म्हणून तो हाताच्या खुणांनी वळणे सांगत होता. डोंगरमाथ्यापलीकडचा न दिसणारा रस्ता मॉसने त्या खुणांच्या भरवशावर पूर्ण वेगात घेतला.

वाचन संपले की काम संपते?

नाही. दोन टप्प्यांमधला प्रवास खुल्या रस्त्यावरून, वाहतुकीचे नियम पाळून होतो आणि तपासणी नाक्यावर ठरलेल्या मिनिटालाच पोहोचावे लागते. जागतिक मालिकेत एक मिनिट उशीर म्हणजे १० सेकंदांचा दंड, एक मिनिट लवकर म्हणजे पूर्ण मिनिटाचा. हा हिशेब सहचालकाकडे. चाक पंक्चर झाले तर बदलायलाही तोच उतरतो. या कामातून नियोजनाची माणसे घडली तर नवल नाही. १९८१च्या विश्वविजेतेपदासाठी झुंजलेल्या दोन गाड्यांत सहचालक होते डेव्हिड रिचर्ड्स आणि जाँ टॉड. रिचर्ड्स यांनी पुढे ‘प्रोड्राइव्ह’ उभारली, टॉड फेरारी संघाचे प्रमुख आणि नंतर जागतिक मोटरस्पोर्ट महासंघाचे अध्यक्ष झाले.

जोखीम कुणाची?

दोघांचीही. फरक इतकाच, की सहचालकाच्या हातात ना स्टिअरिंग असते ना ब्रेक. १८ सप्टेंबर २००५ रोजी वेल्स रॅलीत मार्को मार्टिनची प्यूजो झाडावर आदळली. मार्टिन वाचला, सहचालक मायकेल पार्कचा मृत्यू झाला. लोएबने त्या दिवशी जगज्जेतेपद निश्चित होऊ नये म्हणून मुद्दाम वेळेचा दंड ओढवून घेतला. मार्टिन जागतिक मालिकेत पूर्णवेळ कधीच परतला नाही.

पराभवही दोघांचाच असतो. १९९८मध्ये ब्रिटनमधील अखेरच्या रॅलीत अंतिम रेषा काहीशे मीटरवर असताना कार्लोस साइन्झची टोयोटा बंद पडली आणि विश्वविजेतेपद हुकले. सहचालक लुईस मोयाने संतापून हेल्मेट गाडीच्या मागच्या काचेवर फेकले. ज्याचे काही पणाला लागलेले नाही, असा माणूस इतका चिडत नाही.

मग श्रेय?

कागदावर अन्याय नाही. जागतिक मालिकेत आणि भारताच्या राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद स्पर्धेतही सहचालकांचे वेगळे अजिंक्यपद आहे. प्रश्न कागदाबाहेरचा आहे. २०१९मध्ये मोटरस्पोर्टला पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला तो गौरव गिल या चालकाला, आणि तो योग्यच होता. पण देशातील रॅलींत वर्षानुवर्षे गिलसाठी नोट्स वाचणारे कासरगोडचे मुसा शरीफ किती क्रीडारसिकांना ठाऊक आहेत? बुद्धिबळात ग्रँडमास्टरचे साहाय्यक पटापासून दूर असतात, म्हणून ते अज्ञात राहणे समजू शकते. इथे दुसरा माणूस त्याच गाडीत, त्याच पट्ट्यांत बांधलेला आहे. निकालाच्या यादीत दोन नावे असताना बातमीत एकच उरते, हा जागेचा नव्हे, सवयीचा प्रश्न आहे.

ही सवय महागातही पडते. चालक व्हायचे तर गाडी, टायर, मेकॅनिक असा मोठा खर्च येतो. सहचालकाला लागतो परवाना, हेल्मेट, अग्निरोधक पोशाख आणि महिनोन्महिने सराव. राष्ट्रीय फेऱ्यांचे यजमानपद भूषवलेल्या नाशिकमधल्या किंवा पुण्यातल्या एखाद्या मुलीला वा मुलाला खिसा रिकामा असताना या खेळात शिरण्याचा तोच दरवाजा आहे. पण तो आहे, हे त्यांना आधी कळायला हवे.