पीक तुर्कस्तानचे, भाव परक्यांचा

चॉकलेटच्या वडीत दाताखाली येणारा हेझलनट बहुधा तुर्कस्तानातून आलेला असतो. काळ्या समुद्राच्या काठी गिरेसून, ओर्डू, त्राब्झोन या प्रांतांतील डोंगरउतारांवर या झुडुपवजा झाडांच्या बागा पसरलेल्या आहेत. जगाच्या उत्पादनातील सुमारे दोनतृतीयांश वाटा या एकट्या देशाचा आहे. इतके वर्चस्व असलेल्या उत्पादकाने बाजारावर राज्य करावे, अशी अपेक्षा कोणीही करील. प्रत्यक्षात भावाची किल्ली त्याच्या हाती नाही.

कारण उघड आहे. पिकवणारी कुटुंबे लाखोंच्या संख्येने विखुरलेली आणि त्यांच्या बागा वारसांतील वाटण्यांनी तुकडे पडलेल्या. घेणारे मात्र मूठभर. इटलीच्या फेरेरो कंपनीने २०१४ साली ओल्तान ही तुर्कस्तानातील मोठी निर्यात पेढी विकत घेतली, तेव्हा हा तोल अधिकच ढळला. वाळवलेला हेझलनट कवचासह कित्येक महिने टिकतो. परंतु ऑगस्टात तोडणी होताच ज्याच्या दारात घेणेकरी उभा राहतो, त्याला तो राखून ठेवणे कसे परवडावे?

याच दुबळेपणावर उपाय म्हणून १९३८ साली ‘फिस्कोबिर्लिक’ हा सहकारी संघ उभा राहिला. २००० नंतर सरकारने सहकारी संघांचा आर्थिक आधार काढून घेतला आणि हा संघ खचला. जुलै २००६ मध्ये ओर्डू येथे हजारो शेतकऱ्यांनी महामार्ग रोखला. मग सरकारी धान्य महामंडळ खरेदीस उतरले, २००९ साली बाजूला झाले आणि २०१७ मध्ये परतले. अशा येरझाऱ्यांना धोरण म्हणता येत नाही.

या साखळीच्या तळाशी आग्नेय तुर्कस्तानातून तोडणीसाठी येणारे, मुख्यतः कुर्द, हंगामी मजूर आहेत. मालकालाच पुरेसा भाव मिळत नसेल तर मजुराच्या मुलांना शाळेत कोण पाठविणार?

एप्रिल २०२५ च्या हिमकडाक्याने कोवळे पीक करपले आणि भाव वाढले. पण ज्याची बाग करपली, त्याच्याजवळ विकायला काय उरले? तेव्हा टंचाईतली तेजी हा या प्रश्नाचा उलगडा नव्हे. गोदाम, तारणावर कर्ज आणि सभासदांच्या ताब्यातील सहकार या तिन्हींचा आधार मिळाल्याखेरीज उत्पादनातील वर्चस्वाचे रूपांतर सौदाशक्तीत होणार नाही.