ओतणे

रोज तोंडी असलेले शब्द आपण सहसा उलटून पाहत नाही. 'ओतणे' हा त्यातलाच. गोवंडीच्या वस्तीत नळाला पाणी आले की हाच शब्द कानावर पडतो. हंडा पिंपात ओत, बादली मोरीत ओत, पाहुण्यांना चहा ओत.

सांडणे निराळे, ओतणे निराळे. हात हलला की सांडते. ओतायला मात्र मनात इच्छा आणि खाली भांडे लागते. वस्तू पातळच हवी असेही नाही. डब्यात तांदूळही ओततात. तापलेला धातू साच्यात ओतणारा तो ओतारी आणि त्याच्या हातची वस्तू ओतीव. कुणी कामात जीव ओततो, कुणी भांडणात तेल ओततो. 'ओतप्रोत' मात्र या घरातला नव्हे. तो विणकामाचा शब्द, उभ्या-आडव्या धाग्यांचा.

या शब्दाचा एक कडू अर्थ आपल्या आजी-आजोबांना ठाऊक होता. पाणवठ्यावर आपल्या माणसाने ओंजळ धरायची आणि दुसऱ्याने वरून पाणी ओतायचे. भांड्याला शिवायचे नाही. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसला की तहान तशीच. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हजारोंनी चवदार तळ्याचे पाणी आपल्या हाताने घेतले. पुढे सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही घालून १०८ घागरींनी ते तळे 'शुद्ध' केले!

त्याच १९२७ सालापासून मुंबईने आपला कचरा देवनारला ओतला. त्या डोंगराच्या कडेला आपली घरे उभी राहिली. म्हणून आम्ही म्हणतो, ओतणारा कोण आणि खाली कोण, हे आधी पाहावे.

मनातलेही ओतता येते. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी आपल्या बायांचे दुःख घरच्यांपासून लपवून वर्षानुवर्षे लिहिले. 'जिणं आमुचं' हे पुस्तक १९८६ साली आले. सांगायला माणूस नव्हते, तेव्हा वहीच त्यांचे भांडे झाली.

आपल्या घरात तशी वेळ कुणावर का यावी? धुण्याभांड्याची कामे करून आई घरी येते, कारखान्यातून दादा येतो, परीक्षेत मागे पडलेली पोरगी कोपऱ्यात बसते. त्यातले कुणी बोलू लागले तर टीव्ही बंद करावा आणि ऐकावे. मध्येच आपला उपदेश ओतू नये. त्यांचे भांडे आधीच काठोकाठ भरलेले असते. ते रिकामे होऊ द्यावे. मग काय करायचे ते दोघांनी मिळून ठरवावे.