‘सर, काही असेल तर सांगा’

महिन्यातून चार-पाच तरी मेसेज असे येतात. “अस्सलामु अलैकुम सर, माझं बी.कॉम. झालंय, कुठे जॉब असेल तर सांगा.” सोबत बायोडेटाची पीडीएफ. कोणत्या शहरात हवा, कसलं काम हवं, आतापर्यंत कुठे अर्ज केले, यातलं काहीच नाही. मी उत्तर देतो, “नक्की, लक्षात ठेवतो.” आणि विसरतो. मी काही फार वाईट माणूस नाही. पण ‘काही असेल तर’ ही गोष्ट लक्षात ठेवताच येत नाही.

वर्षभराने तोच मुलगा भेटतो आणि म्हणतो, “आपल्या नावाला कोण नोकरी देतंय, सर?”

मला भांडायचंय ते या वाक्याशी. ते खोटं आहे म्हणून नव्हे. ते बरंचसं खरं आहे आणि त्या खरेपणाच्या आडोशाला आपण आरामात बसलोय, म्हणून.

आधी खरं काय ते पाहू. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ६६ आठवडे, खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिराती, ४,८०८ अर्ज. शिक्षण सारखं, पात्रता सारखी, बदललं फक्त नाव. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता त्यांच्या हिशेबाने दोन तृतीयांश निघाली. मुसलमान नावाला एक तृतीयांश. कुणी म्हणत असेल की भेदभाव हा आपला वहम आहे, तर त्याच्यापुढे हे आकडे ठेवा.

पण हा भेदभाव नेमका कुठे झाला ते नीट बघा. तिथे कुणी कुणाला भेटलं नव्हतं. आवाज ऐकला नव्हता, काम पाहिलं नव्हतं. निकाल लागला तो टेबलावरच्या कागदावर. म्हणजे नुसता कागद गेला की आपलं नाव सगळ्यात पुढे उभं राहतं. आतल्या एखाद्या माणसाने “हा आमच्या कॉलेजचा आहे, बोललोय मी याच्याशी, बोलवून बघा” एवढं म्हटलं, तर आधी ते वाक्य पोहोचतं आणि नाव मागून येतं. ज्यांचा कागद अडवला जातो त्यांनी तर नुसत्या कागदावर मुळीच विसंबू नये. आणि आपण करतो काय? पोर्टलवर दोनशे ठिकाणी एकच बायोडेटा टाकतो आणि वाट बघत बसतो.

“पण सर, हा तर वशिला झाला. दुसऱ्याचा हक मारायचा का?” हा प्रश्न मला प्रामाणिक मुलंच विचारतात, म्हणून त्याचा मान ठेवून सांगतो. लायकी नसताना कुणाच्या जोरावर आत घुसणं म्हणजे वशिला. “तुमच्याकडे अकाउंट्सच्या मुलांना पहिल्या वर्षी काय काम देतात? टॅली पुरतं का?” हे विचारण्यात कुणाचा हक मारला जातो? कित्येक कंपन्या तर आपल्या कर्मचाऱ्यांना उघडपणे सांगतात की ओळखीचा चांगला माणूस सुचवा, निवड झाली तर बक्षीस देऊ. बाकीचे सगळे त्या दारातून जातात. आपण पाक राहतो आणि बाहेर राहतो.

खरं म्हणजे ही रीत आपल्याला नवीन नाही. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमानांना विचारा. जहाजावर गेलेल्या चाचाने पुतण्याला नेलं, कुवेतला गेलेल्याने मेहुण्यासाठी व्हिसा पाठवला. त्यावर गावंच्या गावं उभी राहिली, आणि कुणी करिअरचं व्याख्यान ऐकलं नव्हतं. पण या साखळीला एक मर्यादा होती. चाचा जिथे होता तिथेच पुतण्या पोहोचला. चाचाला माहीत होतं ते घरात सगळ्यांना आधीच माहीत होतं.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली नेमकं हेच मांडलं. बोस्टनजवळच्या एका उपनगरातल्या, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं, ज्याने खबर दिली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? नेहमी भेटणारा, असं सांगणारे १६.७ टक्के. अधूनमधून, ५५.६ टक्के. क्वचितच, २७.८ टक्के. जवळचा माणूस जीव लावतो, पण नवी खबर येते ती लांबच्या माणसाकडून.

आपल्या मुलांजवळ असा लांबचा माणूस कोण आहे? मोहल्ला, जमात, नातेवाईक, सगळे जवळचे. परका नाही आणि घरचाही नाही, असं नातं देणारी जागा बहुतेकांना एकच मिळते, ती म्हणजे कॉलेज. माजी विद्यार्थी ही आपल्याकडे न वापरता पडून राहिलेली इस्टेट आहे.

मागच्या हिवाळ्यात सोलापूरकडचा एक मुलगा माझ्यासमोर लॅपटॉप घेऊन बसला होता. लिंक्डइनवर त्याच्या कॉलेजचं पान उघडलं, माजी विद्यार्थ्यांच्या यादीत शहर पुणे टाकलं, काम अकाउंटिंग टाकलं. बरीच नावं आली. तो यादी खाली सरकवत गेला आणि एका वहीत नावं उतरवू लागला. शेख. सय्यद. मुल्ला. पुन्हा शेख. मधली सगळी नावं सोडून.

मी विचारलं, “ही मधली का सोडलीस?”

“ते कशाला उत्तर देतील, सर?”

“तुझं नाव वाचून लोक तुला वगळतात, ही तुझी तक्रार. आणि गेली दहा मिनिटं तू काय करतोयस?”

तो गप्प झाला. मलाही जरा जास्त बोललो असं वाटलं. पण शब्द मागे घेत नाही, कारण हे एकट्या त्याचं नाही. आपण सगळेच आधी आडनाव वाचतो.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती आपण उघड बोलत नाही. आपल्यातले जे थोडे आत पोहोचले आहेत त्यांच्यापैकी अनेकजण आपल्या मुलाचं नाव सुचवायला घाबरतात. “बघा, आणला आपलाच माणूस,” असं कुणी म्हणेल ही धास्ती त्यांना असते. त्यांना भेकड म्हणणं सोपं आहे, पण त्यांच्या खुर्चीत बसून बघा. म्हणून यादीतले शेख जितक्या कामाचे, तितकेच कुलकर्णी आणि कांबळेही कामाचे. कधी जास्तच, कारण कुलकर्ण्यांना ती धास्ती नसते.

आता करायचं काय? स्टीव्ह डाल्टन या अमेरिकी लेखकाने २०१२ च्या आपल्या पुस्तकात सांगितलेली युक्ती आपल्याला चालण्यासारखी आहे. आधी चाळीसेक कंपन्यांची यादी करा. मग कुठे आपल्या कॉलेजचं कुणी आहे ते पाहा आणि तिथून सुरुवात करा. मेसेज छोटा लिहा. बायोडेटा जोडू नका, नोकरी मागू नका. असं काहीतरी: “नमस्कार मॅडम, मी आपल्याच कॉलेजचा, २०२३ चा बी.कॉम. आपण अकाउंट्समध्ये आहात, मलाही त्याच क्षेत्रात यायचं आहे. सुरुवातीला काय शिकून यावं, याबद्दल पंधरा मिनिटं बोलता येईल का?” आठवड्याने एकदा आठवण करा, मग पुढचं नाव घ्या. बरेच लोक उत्तर देणार नाहीत. त्यात शेखही असतील आणि कुलकर्णीही. त्याचा अर्थ लावत बसू नका. जो बोलेल त्याला शेवटी विचारा, “आणखी कुणाशी बोलू?” आणि महिन्याने त्यांनी सांगितलेलं काय केलं ते कळवा. हे शेवटचं जवळजवळ कुणीच करत नाही.

मुलींचं वेगळं आहे. अनोळखी पुरुषाला मेसेज करायचा म्हटलं की घरात प्रश्न, आणि कधी समोरूनही नको ते उत्तर. म्हणून माजी विद्यार्थिनींपासून सुरुवात करा, बोलणं ईमेलवर ठेवा, शक्य असेल तर प्राध्यापकांमार्फत ओळख करून घ्या. पण “मुलगी आहे, राहू दे” म्हणून यादीच करायची नाही, हे चालणार नाही.

आता आपल्या संस्थाचालकांकडे वळतो. दर जूनमध्ये गुणगौरव समारंभ होतात. शाल, ट्रॉफी, बिर्याणी, बॅनरवर पंधरा साहेबांचे फोटो. यातल्या एका संस्थेत मी विचारलं, “तुमच्या कॉलेजातून दहा वर्षांत बाहेर पडलेली मुलं आज कुठे आहेत?” कपाटातून एक फाइल निघाली. माजी विद्यार्थी संघ कागदावर होता, कारण नॅकचं पथक त्याबद्दल विचारतं. वर्षातल्या एका मेळाव्याचे फोटो होते. फोन नंबर एकही नव्हता. साहेब, एका बॅनरच्या खर्चात ही यादी तयार होते. दोन विद्यार्थी आणि एक महिना. ती करा आणि मुलांना उघडी करून द्या.

आणि हे सगळं सांगतो म्हणून सरकारची सुटका होत नाही. सच्चर समितीने २००६ साली समान संधी आयोग सुचवला, माधव मेनन यांच्या तज्ज्ञ गटाने २००८ मध्ये त्याचा आराखडा दिला. तो आयोग आजही अस्तित्वात नाही. त्यासाठी भांडूच. पण आयोग येईपर्यंत चोविसाव्या वर्षाचा मुलगा चौतिसाचा होतो.

सोलापूरच्या त्या मुलाने शेवटी नऊ जणांना लिहिलं. त्यातल्या सहा नावांवर आधी त्याने फुली मारली होती. चौथ्या दिवशी त्याच्याहून बारा-तेरा वर्षं सीनियर असलेल्या एका मॅडमचं उत्तर आलं. वीस मिनिटं बोलल्या. म्हणाल्या, आमच्याकडे भरती मार्च-अखेरीचं काम उरकल्यावर होते, आणि जीएसटी रिटर्न स्वतः भरता येतं का, हे आधी विचारतात. नोकरी अजून मिळालेली नाही. एका कर सल्लागाराकडे तो सध्या संध्याकाळी रिटर्न भरायला शिकतोय. एप्रिलमध्ये मॅडमना परत फोन करायचा, हे त्याने वहीत लिहून ठेवलंय.