कर्त्याचे कान

एकत्र कुटुंबात कर्त्या पुरुषाचे बोलणे सर्वांस ऐकावे लागते. परंतु त्याची खरी योग्यता तो स्वतः किती ऐकून घेतो यावरून ठरते. हे तत्त्व वर्गात मुलांना शिकविण्यात आमचा जन्म गेला. मात्र ते आमच्याच गळी उतरण्यास विजेवर चालणारी एक दुचाकी घरी यावी लागली.

गेल्या वैशाखात आमच्या पुतण्याने ती घेतली. कळंबहून मंचरला त्याचे रोजचे जाणे-येणे. पेट्रोलाचा खर्च वाचेल हा त्याचा हिशेब, आणि तो आम्हांसही पटला. संध्याकाळी बॅटरी काढून आणावी, माजघरात जिन्याखाली चार्जिंगला लावावी आणि सकाळी परत बसवावी, असा परिपाठ पडला. चार दिवसांनी धाकट्या सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, ही पेटी हाताला चटका बसेल इतकी तापते, आणि पहाटे कसलासा वासही येतो." आम्ही पोथीवरून दृष्टी न काढताच म्हणालो, "नवे यंत्र आहे, तापावयाचेच." पुढे आठवड्याने प्लग काळा पडलेला व पेटीची एक बाजू फुगलेली दिसली, तेव्हा आमचे डोळे उघडले. वरच्या मजल्यावर तीन मुले निजत होती, आणि खाली उतरावयास तो एकच लाकडी जिना होता.

दुकानात गेलो. मालकाने गोड शब्दांत वेळ मारून नेली. परंतु दुरुस्तीचे काम करणारा पोर आमच्या मागोमाग बाहेर आला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, ही घरात ठेवू नका. अशा दोन आल्यात. आम्ही वर कळवलंय, पण वरून काही उत्तर नाही." आमच्या घरात जे घडले, तेच त्या कंपनीतही घडत होते. ज्याच्या हाताला चटका बसला त्याने सांगितले, आणि ज्याच्या हाती निर्णय होता त्याने ते कानाआड केले.

या भीतीस आधार नाही असे कोणी समजू नये. २६ मार्च २०२२ रोजी पुण्यात लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली ओला कंपनीची दुचाकी पेटली. पुढच्याच महिन्यात नाशिकला जितेंद्र कंपनीच्या चाळीस दुचाकी घेऊन निघालेल्या वाहनात आग लागून त्यांतील वीस जळाल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात वसईस घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट झाला आणि भाजलेला सात वर्षांचा मुलगा दगावला. ज्या घरातील बालक गेले, त्या घराला आकडे सांगून काय समाधान होणार?

या बॅटरीची रचना वाचकांनी समजून घ्यावी. तिच्यात लिथियमचे अनेक लहान घट दाटीने बसविलेले असतात. प्रत्येक घटात दोन बाजूंमध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो. घट सदोष असला, त्यास मार बसला किंवा प्रमाणाबाहेर वीज भरली गेली, तर तो पडदा निकामी होतो आणि घट आतूनच तापू लागतो. उष्णतेने रासायनिक क्रिया वाढते, त्या क्रियेने उष्णता आणखी वाढते, आणि एक घट शेजारच्यास पेटवितो. वाड्यांच्या आळीत एका घराची आग दुसऱ्यास लागावी, तसाच हा प्रकार. म्हणूनच प्रत्येक घटाची उष्णता व दाब पाहून वेळीच वीज तोडणारी योजना पेटीत असावी लागते. ती हलकी केली तर किंमत उतरते. मात्र ती उणीव गिऱ्हाइकास बाहेरून दिसत नाही.

नव्या विद्येच्या कंपन्यांतील नेतृत्वाचा प्रश्न नेमका येथे उभा राहतो. कापड विरळ निघाले तर गृहिणी ते उजेडात धरून पारखते. पण घटातील पडदा कोणी पारखावा? जेथे घेणाऱ्यास परीक्षा करता येत नाही, तेथे विकणाऱ्याची जबाबदारी दुणावते. कंपनीचा प्रमुख सर्व घट स्वतः तपासू शकत नाही, हे उघड आहे. परंतु तपासणाराचा अप्रिय शब्द आपल्यापर्यंत विनाअडथळा पोहोचेल आणि तो आणणाराची नोकरी जाणार नाही, एवढी व्यवस्था त्यास निश्चित करता येते. आमच्या मते सुरक्षिततेचा पाया तोच होय.

हा पाया खचला म्हणजे मोठमोठी राष्ट्रेही कशी फसतात, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. चॅलेंजर या अवकाशयानाचे अग्निबाण थायोकोल नावाच्या कंपनीने बनविले होते. उड्डाणाच्या आदल्या रात्री, २७ जानेवारी १९८६ रोजी, तिच्याच अभियंत्यांनी बजावले की, थंडीने सांध्यांतील रबरी कडी ताठर होतील. उड्डाण करू नये. वरिष्ठांनी थोडा वेळ मागून घेतला, आणि त्या वेळात एका अधिकाऱ्यास अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची घालण्याचा सल्ला देण्यात आला. टोपी बदलली, निर्णयही बदलला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान भंगले आणि सात माणसे प्राणांस मुकली. ज्ञान घरातच होते. उणे पडले ते कान.

आपल्याकडे २०२२ च्या आगीनंतर ओलाने १,४४१ आणि ओकिनावाने ३,२१५ दुचाकी तपासणीसाठी परत बोलाविल्या. सरकारने घट, चार्जर, देखरेखीची योजना आणि आग पसरू न देण्याची तजवीज यांविषयीचे नियम कडक केले. त्यांचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. हे योग्यच झाले. माल परत बोलाविणे ही नामुष्की आहे असे आम्ही मानीत नाही; चूक कबूल करणारा विद्यार्थी आम्हांस नेहमीच प्रिय वाटत आला. परंतु आग दिसल्यावर जागे होणे आणि वास येताच जागे होणे यांत अंतर आहे, आणि त्या अंतरातच माणसे मरतात.

कोणी म्हणेल, इतकी सावधगिरी बाळगली तर नवे उद्योग उभे कसे राहावेत? आमचा नव्याला विरोध नाही. पुतण्याची गाडी आजही आमच्या अंगणात आहे. परंतु लोकांचा एकदा विश्वास उडाला, तर चांगल्या कंपनीचाही माल कोणी घेणार नाही. सावध प्रमुख केवळ गिऱ्हाइकाचेच नव्हे, तर त्या विद्येचेही रक्षण करीत असतो.

रामायणातील रावणाकडे विद्या, वैभव व सैन्य यांपैकी कशाचीही वाण नव्हती. मारीचाने त्यास आधीच सावध केले होते, बिभीषणाने भरसभेत हिताचे सांगितले. एकास धाक मिळाला, दुसऱ्यास लंका सोडावी लागली. लंका जळाली तरी रावणाचे कान उघडले नाहीत.

आता घरापुरते सांगतो. बॅटरी जिन्याखाली किंवा दारात, म्हणजे बाहेर पडण्याच्या वाटेवर, चार्जिंगला लावू नये. सर्वांनी निजावे आणि ती रात्रभर चालू राहावी, असे करू नये. उन्हातून आल्यावर ती निवू द्यावी. चार्जर कंपनीचाच वापरावा. फुगलेली, पडलेली किंवा वास येणारी बॅटरी घरात ठेवू नये. दोष दिसल्यास कंपनीस लेखी कळवावे व त्याची प्रत जपून ठेवावी.

आम्ही ते पत्र लिहिले. महिन्याभराने दुसरी बॅटरी आली. पहिलीत काय बिघडले होते, हे मात्र अद्याप कोणी कळविलेले नाही. म्हणून दुसरे पत्र धाडले आहे, आणि उत्तर येईपर्यंत नवी पेटी अंगणातील दगडी ओट्यावर, दिवसाउजेडी, सूनबाईंच्या देखरेखीखाली चार्ज होते. त्या काही म्हणाल्या, तर आम्ही पोथी मिटून ऐकतो.