गॅसचा पाइप कोणाच्या खात्यात?

एलपीजीचे गुणधर्म व्हायवाला विचारले तर आपल्यापैकी निम्मे जण झोपेतही सांगतील. मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन, हवेपेक्षा जड, द्रवाचा वायू झाला की आकारमान सुमारे अडीचशे पट. पण घरच्या शेगडीचा रबरी पाइप किती वर्षांचा आहे? मी आमच्या विंगमध्ये विचारून पाहिलं. एकालाही सांगता आलं नाही. एक जण तर ‘ते आईचं डिपार्टमेंट’ म्हणून मोकळा झाला.

माझं भांडण या उत्तराशी आहे. बाबांच्या स्कूटरचं सर्व्हिसिंग कधीच चुकत नाही, आपण कॉम्प्युटर महिन्यातून दोनदा फॉरमॅट करतो. गॅसचं सगळं मात्र जी स्वयंपाक करते तिच्या एकटीच्या गळ्यात.

आमच्या शेजारच्या काकूंकडे टीव्ही दोनदा बदलला, पाइप तोच. तेलकट होऊ नये म्हणून त्यांनी त्याला कापडी खोळ शिवली होती (हौस दांडगी!). आतल्या चिरा कोणाला दिसणार? एका पहाटे वास आला म्हणून त्या उठल्या आणि सवयीने दिवा लावला. भडका उडाला. जीव वाचला, पण दोन्ही हातांवरचे डाग अजून आहेत. घरात दोन इंजिनिअर होते.

हवेत साधारण २ टक्के एलपीजी मिसळला तरी तो पेट घेऊ शकतो. जड असल्याने तो वर न जाता जमिनीलगत, ओट्याखाली साचतो. बटन दाबताना आत जी बारीकशी ठिणगी पडते, तेवढी त्याला पुरते. म्हणून वास आला की दिवा, पंखा, एक्झॉस्ट यांपैकी कशालाच हात लावायचा नाही. चालू असेल ते चालू, बंद ते बंद. शेगडी आणि रेग्युलेटर बंद करायचे, दारं-खिडक्या उघडायच्या, सगळ्यांना बाहेर काढायचं आणि बाहेर गेल्यावरच १९०६ ला फोन करायचा. हा वास मूळ गॅसचा नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन मिसळतात.

तेव्हा या सुट्टीत घरी गेलात की फराळाच्या डब्याआधी ओट्याखाली डोकवा. (प्राध्यापक मंडळी, तुम्हीसुद्धा!) पाइपवर आयएसआय मार्क आणि तारीख छापलेली असते. आत तारेची जाळी असलेला ‘सुरक्षा’ पाइप असला तरी ५ वर्षांनी बदलायचा. खोळ असेल तर काढून टाका. सांध्यांना साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की गळती. काडी पेटवून गळती शोधणारे महाभाग अजून आहेत, त्यांना दूरूनच दंडवत. सिलिंडरच्या वरच्या कड्याला धरणाऱ्या पट्ट्यांवर आतून एक अक्षर आणि साल असतं. ए ते डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या, त्यामुळे बी-२८ म्हणजे पुढची चाचणी जून २०२८ पर्यंत. मुदत उलटलेली टाकी आली तर घेऊ नका, तिथूनच परत पाठवा.

नवा पाइप वितरकाकडूनच आणा, एका पिझ्झापेक्षा स्वस्त पडतो. आणि जुना तिथल्या तिथे कापून कचऱ्यात टाका. नाहीतर ‘लागेल कधीतरी’ म्हणून तो माळ्यावर जाईल आणि पुढच्या भाडेकरूच्या शेगडीला लागेल.