फ्रेडी आपला, मग हा राक्षस कोणाचा?

माझे थोरले काका पाचगणीत टॅक्सी चालवतात. पर्यटक बसले की टेबल लॅण्ड, सिडनी पॉइंट आणि मग सेंट पीटर्स शाळेजवळ गाडी हळू करून, "इथं फ्रेडी मर्क्युरी शिकला बरं का." झांझिबारहून आलेला फारुख बुलसारा आणि १९५८ साली इथल्या पोरांनी काढलेला 'द हेक्टिक्स' हा बँड. काका हे सगळं घरातल्या पोराचं कौतुक सांगावं तसं सांगतात. पेनड्राइव्हवर क्वीनची दोन गाणीही आहेत.

गेल्या पावसाळ्यात मी घरून काम करत होतो. वाईला उतरताना त्याच गाडीत डिमॉनिक रिझरेक्शनचा 'दशावतार' लावला. पसरणी घाटाची दोन वळणं झाली नसतील, काकांनी आवाज बंद केला. "राक्षस ओरडतोय नुसता. हे आपलं नाही."

माझं भांडण त्या 'आपलं' शब्दाशी आहे.

डिमॉनिक रिझरेक्शन हा मुंबईचा बँड. साहिल मखिजाने २००० साली सुरू केला. हाच माणूस 'हेडबँगर्स किचन'मध्ये पनीर-चिकन शिजवताना दिसतो, म्हणजे राक्षस तसा घरगुती आहे. बँड २०१० साली नॉर्वेच्या इन्फर्नो महोत्सवात आणि २०१४ साली जर्मनीतल्या वाकेनला वाजला. 'दशावतार' २०१७ सालचा. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा गाणी, शब्द इंग्रजी, गिटारीच्या जाळातून मधेच सतार. शुद्धतावादी म्हणतील हे ब्लॅक मेटल नाही, डेथ आहे. म्हणोत. कीबोर्डचे थर आणि घशातून खरवडून काढलेला आवाज ज्या घराण्यातून येतो, ते नॉर्वेचं सिंफनिक ब्लॅक मेटलच आहे. एम्पररने 'इन द नाइटसाइड एक्लिप्स' (१९९४) बर्गेनच्या ग्रीगहालेनमध्ये, म्हणजे चक्क एडवर्ड ग्रीगच्या नावाच्या सभागृहात ध्वनिमुद्रित केला होता. त्या पिढीतल्या काहींनी चर्च जाळली, खून केले. त्याला बंडखोरी म्हणून मिरवणाऱ्यांशी माझं देणंघेणं नाही. संगीताशी आहे.

आता राक्षसाबद्दल. काका, अवतार घ्यायला राक्षस लागतो! हिरण्यकश्यपू नसेल तर नरसिंह खांबातून बाहेर येईल कशाला? ना घरात ना दारात, ना दिवसा ना रात्री, उंबऱ्यावर संध्याकाळी एका बापाचं पोट फाडलं जातं आणि त्याचा मुलगा समोर उभा आहे. या प्रसंगाचा आवाज कसा असावा? आपल्या भक्तिगीतांच्या दुकानाने त्याला बासरी आणि कोरस लावून साखरेत घोळलाय. नरसिंहही गोड, वामनही गोड, परशुरामसुद्धा गोड. मला तरी तो प्रसंग पहिल्यांदा ऐकू आला तो इथे. ब्लास्ट बीट म्हणजे ड्रमचे ठोके इतके दाट की सुटा ठेका कळतच नाही, पत्र्यावर कोसळणाऱ्या इथल्या पावसासारखी एकच भिंत होते. त्या भिंतीआडून ग्रोल येतो. भीती वाटते. वाटायलाच हवी.

आईचं माहेर कुडाळजवळचं. लहानपणी जत्रेत रात्रभर दशावतारी नाटक बघायचो. सुरुवातीलाच संकासुर यायचा, अंगभर काळा वेश, काळा मुखवटा, बाहेर लोंबणारी लाल जीभ, वेद पळवणारा असुर. पेटी, मृदंग, झांजा टिपेला. मी आजीच्या लुगड्यात तोंड खुपसायचो आणि आजी हसायची. देवळासमोरच्या त्या काळ्या तोंडाला कोणी 'हे आपलं नाही' म्हटलं नाही. चेहरे रंगवणाऱ्या नॉर्वेच्या पोरांना संकासुर माहीत नसेल, पण आपल्याला तर तो पाठ आहे.

अल्बममधलं सगळंच मला पटतं असं नाही. नवव्या जागी बुद्ध आहे. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत, बुद्ध विष्णूचा अवतार आहे हे मी मानत नाही, असं स्वच्छ सांगितलंय. महाराष्ट्रात काही ठिकाणी त्या जागी विठ्ठलही दाखवतात. मुंबईत बसून केलेल्या यादीत ते नाव मला खुपतं. पण हा वाद मी करतोय तो हे संगीत आपलं मानतो म्हणूनच. परक्या घरातल्या यादीवर मी कशाला भांडलो असतो?

इंजिनिअरिंगला असताना आमच्या बँडला गॅदरिंगचं स्टेज नाकारलं गेलं. कारण, 'हे असलं नको, संस्कृती आहे की नाही.' त्याच स्टेजवर मग डीजेने रात्री दहापर्यंत छाती हादरवली. म्हणजे अडचण आवाजाची नव्हती. दीड वर्ष वसतिगृहाच्या गॅरेजमध्ये बसवलेली चार गाणी आम्ही कुणालाच ऐकवली नाहीत. ड्रमवाल्याने शेवटच्या वर्षी किट विकलं. फ्रेडीचं नाव घेऊन आमचं गाव पर्यटक फिरवतं, पण फ्रेडी आज बारा वर्षांचा असता आणि त्याने हा असला बँड काढला असता, तर गावाने त्याला काय म्हटलं असतं हे मला नेमकं माहीत आहे.

वाईहून परतताना घाटात धुकं होतं. काकांनी मधेच विचारलं, "कुठला राक्षस होता रे तो?"

"हिरण्यकश्यपू येतो त्यात. चौथं गाणं."

काका काही बोलले नाहीत. मी पुन्हा लावलं. ते गाणं संपेपर्यंत त्यांनी बटणाला हात लावला नाही. संपल्यावर लावला.